खांद्यावरची बोटं

स्टुडिओ टायरच्या दुकानावर आहे.
खालून रबराचा वास येतो, आणि मधूनमधून
हवा भरायच्या पंपाचा उसासा.
ग्लासगोत नोव्हेंबरात साडेतीनला दिवे लागतात.
मी दोनलाच लावते.

लोक आपापले चेहरे घेऊन जिना चढतात.
प्रत्येकाला मी तेच सांगते :
डोक्यावरचे केस कापले गेले तरी चालतं,
हनुवटी कधी कापायची नाही.
गळा मोकळा सोडायचा, कॉलरच्या दोन बोटं खालपर्यंत,
नाहीतर मुंडकं ताटात वाढल्यासारखं दिसतं.
आणि हा फोटो कुणी भिंतीवर लावणार नाहीये.
लंडनमधली एक बाई सँडविच खाता खाता
पोस्टाच्या तिकिटाएवढे दोनशे चेहरे
अंगठ्याने वर ढकलणार आहे.
तो अंगठा थबकेल इतकं जवळ यायचं.
त्याहून जवळ नाही.

ड्युगल मकफेलची चौकट मी भुवयांच्या जरा वर टेकवते,
म्हणजे टक्कल बाहेर राहतं.
दहा वर्षं स्वस्तात मिळाली, म्हणतो,
आणि ऑडिशनला टोपी घालून जातो.

काल आयझोबेल रेनी आली.
एकसष्ट वर्षांची, भिजलेली. कॅमेऱ्यापुढे बसेचना.
पाकिटातून एक जुना फोटो काढला.
"हाच हवा. यात मी हसत नाहीये,
पण आता हसेन असं वाटतं.
ते मला पुन्हा जमायचं नाही.
फक्त बाजूचं काप."

बाजूचं म्हणजे नेसा.
सत्तावीस वर्षं दोघींनी एका व्हॅनमधून
शाळाशाळांत, बेटांवरच्या गारठलेल्या हॉलांत नाटकं केली.
एक म्हातारा व्हायची, दुसरी त्याचा कुत्रा.
मार्चमध्ये नेसाला मालिका मिळाली. एकटीला.
"केसाने गळा कापला माझा," आयझोबेल म्हणाली,
आणि मग टॉवेलने डोकं पुसत,
"तिचा तसा दोष नाही म्हणा."

मी चौकट ओढली.
नेसाचा चेहरा पहिल्याच फटक्यात गेला,
मग तिची बाही, मग मनगट.
राहिली चार बोटं,
आयझोबेलच्या डाव्या खांद्यावर,
त्यातल्या एकाला चिकटपट्टी.

आणखी जवळ आले. खांदे गेले,
बोटं गळपट्टीच्या हाडाशी तशीच.
आणखी. गळा गेला.
शेवटचं नख निघावं म्हणून आणखी,
तर हनुवटी निघाली.
पडद्यावर नुसते डोळे उरले, बुरख्यातून बघावेत तसे.
"ही कोण?" आयझोबेलने विचारलं.

मागे आले.
पुसता येतील, मी म्हटलं. मऊ ब्रश, दोन मिनिटं,
बोटांखालची लोकर मी कल्पनेने विणीन.
तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.
खांदा त्या हाताखाली किंचित दबलेला होता,
मान त्याच बाजूला अर्धा इंच कललेली.
बोटं गेली तरी वजन कुठे जाणार होतं?
"चिमटा काढला होता मेलीने," ती म्हणाली.
"फोटोवाल्याने तीन म्हणायच्या आत."

मग मी माझा नेहमीचा उपाय केला.
फोटो लहान करत करत
तिकिटाएवढा करून दाखवला.
तिथे बोटं नव्हती.
स्वेटरला एक चुणी पडली होती, एवढंच.

"चुणीच ती," आयझोबेल म्हणाली.
पैसे मोजून दिले, सुट्टे सगळे, टेबलावर रांग लावून.
दाराशी तिने कोटावरचं पाणी झटकलं,
उजव्या खांद्यावरचं.
डावा तसाच ओला ठेवून
जिना उतरली.

खाली पंपाने कुणाच्या तरी टायरात हवा भरली.
मी फाइलला नाव देत बसले होते :
रेनी, आयझोबेल. एकटी.
शेवटचा शब्द खोडला,
कारण तसा शब्द मी कुणाच्याच फाइलला देत नाही.